कठड्याचं लाकूड

साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा सगळीकडे खरबरीत होता. फक्त समोर, दोन तळहातांएवढ्या जागेत, तो घासून घासून गुळगुळीत झाला होता. माझे हात आपोआप तिथेच जाऊन बसले.

मी तसा भित्रा नाही. बिबट्याला मी नुसती चप्पल फेकून पळवलंय. गावात कोणालाही विचारा, सगळ्यांनी माझ्याकडूनच ऐकलंय. पण पंच म्हणून कोर्टाचं समन्स आलं आणि माझे पाय असे लटपटले, की शेजाऱ्यांना भूकंप वाटला. "अहो, तिथे तरी तिखटमीठ लावू नका," बायको दारातच म्हणाली.

तिला काय सांगणार? तीन वर्षांपूर्वी टपरीवर हवालदार म्हणाले होते, "काका, पंचनाम्यावर एक सही द्या." मी चहाचा कपही खाली न ठेवता दिली. कागदावर लिहिलं होतं, की चोरीचा हंडा आरोपीच्या घरातून माझ्यासमोर निघाला. त्याचं घर मी आजवर पाहिलेलं नाही.

तो आरोपी आता समोर हात जोडून उभा होता. न पाहिलेलं मी आयुष्यभर रंगवून सांगितलं, पण त्यापायी कोणी तुरुंगात गेलं नव्हतं.

"हंडा तुमच्यासमोर जप्त झाला ना?" वकिलांनी विचारलं.

माझा घाम त्या लाकडात मुरत होता. किती जणांनी ते असंच घट्ट धरलं असेल, आणि मग काय सांगितलं असेल?

"नाही साहेब. मी टपरीवर चहा पीत होतो."

मागे हवालदार खाकरले. मी कठडा सोडला नाही.