नेपल्सची पोवळी

आमच्या ह्यांना पुस्तकात लिहिलेलं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगत असे, म्हणून आता माघारी लिहिण्यात चहाडी नाही.

हे कोल्हापूर दरबारच्या बांधकाम खात्यात होते. महाराजांच्या मनात आलं की गावाला नळाचं पाणी नीट मिळावं, आणि त्यासाठी कुणीतरी इटलीतल्या नेपल्स शहरी जाऊन तिथली पाण्याची व्यवस्था पाहून यावं. ते शहर कॉलऱ्यानं पोळलेलं, मग लांबच्या डोंगरातून पाणी आणून सुधारलेलं. जायला निवड झाली ह्यांची, आणि ह्यांनी मला बरोबर न्यायचं ठरवलं. स्त्रियांनी जग पाहिलं पाहिजे, असं हे चारचौघांत सांगत सुटले. खरं कारण एवढंच की ह्यांना स्वतःच्या हातानं साधा भातसुद्धा टाकता येत नव्हता.

मला जावंसं वाटत होतं आणि धास्तीही होती. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कुरुंदवाडच्या एका घरात ठरलं होतं. ती रांगत होती तेव्हाच आमची आई गेली. तिला न्हाऊमाखू घातलं मी, तिच्या उवा काढल्या मी, गोवरात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले मी. आमच्यात नवरीचं मंगळसूत्र तिच्या आईनं ओवायचं असतं. आई नाही, तेव्हा तो मान माझा. हे मी तिला ती बाहुल्या खेळायची तेव्हापासून सांगत आले होते, आणि तीही येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगायची, माझी पोत ताई ओवणार.

तिच्या पत्रिकेत मंगळ होता. कुरुंदवाडच्या गुरुजींनी त्यावर तोड काढली होती. मंगळसूत्रात खरी, टपोरी, लालबुंद पोवळी घालायची, म्हणजे नवऱ्याच्या जिवाला भीती नाही. कोल्हापूरच्या पेठेत मनासारखी पोवळी मिळेनात. तेव्हा मुलाच्या आईचा निरोप आला की थोरली तिकडं निघालीच आहे तर तिकडूनच आणू दे, तिकडची पोवळी नामी असतात म्हणे. म्हणजे मी समुद्र ओलांडणार हे विहीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा कुणाच्याही पोटात दुखलं नाही.

बोटीचं वर्णन करत नाही. मी सारा वेळ आडवी होते, त्यामुळे छताशिवाय काही पाहिलं नाही. लाडू, मेतकूट आणि पोह्यांचे डबे बरोबर होते. मळमळीमुळे मी त्यांचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

नेपल्सला उतरले तेव्हा मात्र माझी मळमळ जी पळाली ती पळालीच. माझी समजूत अशी की गोरी माणसं म्हणजे आपल्या रेसिडेन्सीतल्या साहेबासारखी, ओठ मिटून चालणारी. कसलं काय! धक्क्यावर असा गलका की जोतिबाच्या चैत्री यात्रेत येऊन पडलोय असं वाटलं. फक्त गुलाल तेवढा नव्हता. हमाल आमच्या ट्रंकेसाठी भांडत होते, गाडीवान हमालांशी भांडत होते, आणि ज्यांना भांडायला कुणी मिळालं नव्हतं ते गात होते.

ह्यांच्या हातात एक जाडजूड इंग्रजी प्रवासपुस्तक होतं. सकाळी पाण्याच्या टाक्या पाहून झाल्या की दुपारी हे मला शहर दाखवायला काढत. म्हणजे काय, तर एखाद्या मोठ्या देवळासमोर उभं राहायचं, देवळाकडं पाठ करायची आणि देवळाची माहिती मला वाचून दाखवायची. तो धूर सोडणारा जगप्रसिद्ध डोंगर अगदी समोर होता. हे पुस्तकात त्याची उंची शोधत राहिले, तोवर ढग आले. मग म्हणाले, डोंगर पाहून झाला.

मी पाहत होते गल्ल्या. आपल्यासारख्याच अरुंद, आणि दोन्ही बाजूंना उंचच उंच घरं. या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या, आणि त्यांवर घरादाराची धुणी लोंबताहेत. खाली रस्त्यात काठ्यांवर ओल्या शेवया वाळत घातलेल्या, चांगल्या करंगळीएवढ्या जाड. आपली बाई अशी शेवई करील तर सासू तिला माहेरी धाडील. गवळी शेळ्या दारात आणत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. आपल्या गंगावेशीत म्हशीची काढतात तशी. मी म्हटलं, अहो, एवढे पैसे खर्चून आपण कोल्हापुरालाच आलो की. ह्यांना ते लागलं. म्हणाले, तुला युरोप कळत नाही.

मला एक गोष्ट मात्र नीट कळली. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून दोरीनं बुट्टी खाली सोडायची. भाजीवाला तीत भाजी टाकायचा. भाजी पसंत पडली नाही, तर बाई बुट्टी मध्येच अधांतरी थांबवायची आणि वरूनच त्याची हजेरी घ्यायची. अशा आवाजात की सगळी गल्ली दारात यावी. खालच्यानं उत्तर दिल्याशिवाय बुट्टी ना वर जायची ना खाली. आमच्याकडं सुनेचा आवाज ओटीवर ऐकू गेला तर घराची अब्रू गेली म्हणतात. तिथं तोंड उघडलं नाही तर बाईला शिळी वांगी मिळायची. मी तासन् तास ते पाहत बसे. हे म्हणत, अगं चल, संग्रहालय बंद होईल.

पोवळी तिथंच एका गल्लीत घेतली. बायका ओळीनं बसून मण्यांना भोकं पाडत होत्या. दुकानदारीण जाडजूड, बोलकी. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही, तरी तासभर घासाघीस झाली. लग्नासाठी हवीत हे मी गळ्याला हात लावून दाखवलं. त्यावर तिनं पोवळ्यांच्या पुडीचा मुका घेतला आणि मग माझाही. त्या बायका दुपारी काय खात होत्या ते मी पाहिलं होतं. इथं लिहीत नाही.

परत आलो आणि ह्यांनी घोळ घातला. गावात ह्यांचं व्याख्यान ठरलं. माणसं दाटीवाटीनं बसली. हे रंगात आले आणि म्हणाले, नेपल्सचं पाणी मी स्वतः पिऊन पाहिलं, थेट आपल्या पंचगंगेसारखं गोड आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच दुसऱ्या दिवशी आमच्यावर बहिष्कार घातला. परदेशी जाऊन आलात ते एक वेळ चाललं असतं, पण पाणी प्यायलात! आता दरबारनं ज्याला पाणीच पाहायला धाडलं, त्यानं ते न पिता कसं पाहायचं हे कुणी सांगेना.

ह्यांचं मात्र लवकर सुटलं. हे गेले ते राजाज्ञेनं, असा गावच्या शास्त्र्यांनी निवाडा दिला. एका सकाळी मिशी उतरवली, पंचगव्य घेतलं, पंगत घातली, झाले शुद्ध. माझं घोडं अडलं. मला कुणी आज्ञा केली नव्हती. मी गेले मौजेखातर, आणि मौजेला प्रायश्चित्त काय ते शास्त्रात सापडेना. सापडेपर्यंत मी बाहेर. मी शास्त्र्यांना निरोप पाठवला की माझ्या हातचं जेवून आमचे हे शुद्ध कसे राहतील? उत्तर आलं की नवऱ्याला जेवावं तर लागणारच, तो आपद्धर्म. मी हात टेकले.

मग कुरुंदवाडचा निरोप आला. लग्न ठरल्याप्रमाणं होईल, पण थोरलीचा पाय मांडवात पडता कामा नये. पोवळी तेवढी पाठवून द्यावी.

वडील तो निरोप सांगायला आले आणि बोलता बोलता त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मंगळाच्या मुलीला पुन्हा असं स्थळ मिळणार नाही, ही भीती त्यांना खात होती. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी सांगितलं, पोवळी माझ्या कनवटीला आहेत, ओवीन तर मीच ओवीन. त्यांना वाटलं असावं, बोलते आहे, आयत्या वेळी देईल.

लग्न वडिलांच्या दारातच होतं. समोर एका जैन व्यापाऱ्याचं माडीचं घर. त्यांची म्हातारी मला लहानपणापासून ओळखायची. म्हणाली, "वर येऊन बसा की अक्का. आमच्या खिडकीतनं समदं दिसतंय." आमचे हे निघाले मांडवात, ते शुद्ध ना! जाताना मला आपली दुर्बीण देऊन गेले. म्हणाले, हिच्यातून बघ, छान दिसेल. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीचं लग्न मी दुर्बिणीतून बघायचं. मी ती दुर्बीण म्हातारीच्या तांदळाच्या डब्यावर ठेवली आणि ढसाढसा रडले.

खाली घंगाळात घटिकापात्र तरंगत होतं. ते बुडालं की मुहूर्त. विहीणबाई पोवळ्यांसाठी घायकुतीला आल्या. आधी वडिलांचा निरोप आला, मी दाद दिली नाही. मग आमचे हे स्वतः खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, अगं दे, चारचौघांत शोभा नको.

शोभा म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हातारीला म्हटलं, एक बुट्टी द्या आणि आडाचा दोर द्या. तिनं का म्हणून विचारलं नाही. पोवळ्यांची पुडी बुट्टीत ठेवली आणि खिडकीतून सोडली. खाली चार हात वर झाले. हातांच्या टोकापासून वीतभर वर मी बुट्टी थांबवली.

आणि मग मी ओरडले. जन्मात तेवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. "गुरुजी, ही पोवळी माझ्याच बोटीतनं आलीत, माझ्याच पदराला बांधून. ती मांडवात चालतात की नाही, ते आधी सांगा."

सनई थांबली. मांडव वाकून वर बघायला लागला. गाडीवान, भाजीवाल्या, रस्त्यानं चाललेले पावणे, सगळे थबकले. गुरुजी बाहेर आले. नाही म्हणावं तर मंगळ उभा, हो म्हणावं तर मी उभी. ते म्हणाले की रत्नाला दोष नसतो, पोवळं मुळात समुद्रातच जन्मतं.

"ते समुद्राच्या पोटातनं आलं," मी म्हटलं, "मी नुसती वरनं आले. ते चालतं तर मी चालते."

"बरोबर हाय की," खालून एक गाडीवान म्हणाला. माझ्या शेजारून म्हातारीनंही आवाज दिला, "घटिका बुडाय लागलीया, गुरुजी."

घटिका खरंच बुडत होती. जे वचन महिनोन् महिने सापडत नव्हतं, ते गुरुजींना तेवढ्यात आठवलं. शुभकार्यासाठी रत्न आणणारीला प्रवासाचा दोष लागत नाही, असं काहीतरी होतं. ग्रंथाचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमचे हे मान वर करून माझ्याकडं पाहत उभे होते. पुस्तकात नसलेलं काहीतरी ते पहिल्यांदाच बघत होते.

मी खाली उतरले, मांडवात गेले आणि पोत ओवली. दोऱ्याचं टोक पिंजलं होतं, ते पहिल्या पोवळ्यात काही जाईना. बहीण माझ्या शेजारी बसून होती. तिनं ते टोक ओठांत ओलं करून माझ्या हातात दिलं. तेव्हा ओवलं गेलं.

गुरुजींनी वचन काढलं तरी कुरुंदवाडकरांचं मन काही ते वचन मानायला तयार नव्हतं. मी पंगतीच्या बाजूला गेले की विहीणबाई पदर आवरून घेत. मी वाढायला घेतलेलं ताट कुणीतरी हळूच माझ्या हातून काढून घेतलं. त्या दिवशी माझ्या हातचं कुणी काही खाल्लं नाही, की प्यायलं नाही. मी तेही गिळलं. पोत ओवायला मिळाली, मला आणखी काय हवं होतं, असं मनाला सांगत राहिले.

संध्याकाळी गाड्या जुंपल्या. नवरीला निरोप द्यायला सगळे दारात जमले. विहीणबाई तिला चढायची घाई करत होत्या. तिनं एक पाय गाडीवर ठेवला आणि परत खाली घेतला. सगळ्या व्याह्यांदेखत ती माझ्याकडं वळली.

"ताई, मला तहान लागलीय. पाणी दे."

विहीणबाई म्हणाल्या, पाणी आमच्या गाडीत आहे. ती जागची हलली नाही. मी घरात गेले, माठातून तांब्या भरला आणि आणून तिच्या हातात दिला. ती कधीच एवढं पाणी प्यायची नाही. त्या दिवशी तिनं सगळा तांब्या संपवला, मंगळसूत्रावर सांडलेलं पदरानं टिपलं आणि रिकामा तांब्या माझ्या हातात देऊन गाडीत चढली. तिला खाली उतरवण्याची कुणाची छाती झाली नाही, कारण ती आता त्यांची सून होती.