आमच्यातलीच

काकूंनी मला आरशासमोर उभं केलं, माझे केस एका हातानं वर धरले आणि माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. खोटं होतं, करोलबागेतून आणलेलं. पण काळे मणी होते, दोन वाट्या होत्या. लांबून कुणाला कळलं नसतं.

"फक्त दोन तास," काकू म्हणाल्या. "कुणी विचारलंच तर मिस्टर फिरतीवर असतात म्हण. बस. बाकी मी सांभाळते."

मी आरशात बघत राहिले. माझा घटस्फोट झालेला होता. नवरा आमच्याच समाजातला, शिकलेला. सभेत समतेवर तासभर बोलायचा आणि घरी येऊन हात उचलायचा. त्याच्यातून मी एकटीनं सुटले होते. कोर्टाच्या पायऱ्या एकटीनं चढले, एकटीनं उतरले. आणि आता एका हळदीकुंकवासाठी मला परत नवरा मिळाला. तोही फिरतीवरचा.

नोएडात काका-काकूंची कोठी होती, म्हणजे दुमजली बंगला. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. संक्रांत होऊन गेलेली, धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं. खाली सेक्टरातल्या मराठी बायका जमायला लागल्या होत्या, शेजारच्या दोन पंजाबी बायकाही आल्या होत्या. सेक्टरात माझ्याबद्दल कुजबुज होती. एकटी राहते. ऑफिसची गाडी अंधार पडल्यावर सोडते. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये कुणीतरी काकांना विचारलं होतं, "ऊपर कौन रहती है, साहब? फैमिली है ना?" काका 'है' म्हणून मोकळे झाले. ते 'है' खरं करायला काकू वर आल्या होत्या. मी त्या बायकांमध्ये सवाष्ण म्हणून बसले तर घर राहणार होतं, नाही तर जाणार होतं. काकूंनी तसं तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी हसून हात झटकला असता. पण या काकू होत्या.

माझे बाबा विदर्भातून दिल्लीला आले ते केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई म्हणून. पुढं परीक्षा देऊन क्लार्क झाले. आम्ही सरकारी क्वार्टरात वाढलो. काका त्याच खात्यात मोठे अधिकारी. त्यांचं क्वार्टर रस्त्यापलीकडं, पुढं लॉन असलेलं. परमुलखात मराठी माणूस भेटला की आधी बरं वाटतं आणि मग आडनाव विचारलं जातं. काकूंनी ते कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

काकूंचं कॉलेज साठच्या दशकातलं. जगभरची पोरं तेव्हा आईबापांपुढं छाती काढून उभी होती आणि त्याचं वारं दिल्लीलाही लागलं होतं. पहाडगंजात लांब केसांचे गोरे अनवाणी हिंडायचे. काकू त्यांच्यात बसून गाणी म्हणून आलेल्या. कॉफी हाउसात चारचौघांसमोर सिगारेट ओढलेली. स्वतःची पत्रिका यमुनेत सोडून दिलेली. लग्न कोर्टात, भटजी नाही, मंगळसूत्र नाही, सासूनं दोन वर्षं तोंड बघितलं नाही. हे सगळं त्या हसत सांगायच्या. मी त्यांच्या व्हरांड्यात बसून तोंड उघडं टाकून ऐकायचे.

मी चौदा वर्षांची असेन. त्यांच्या घरी गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. काकूंनी ओळखलं. हात धरून आत नेलं, लोणच्याची बरणी पुढं केली. म्हणाल्या, "घाल हात. बघू कसं नासतं ते." मी घाबरत घाबरत कैरीची फोड काढली. "यात विटाळ नाही, पाप नाही. कुणाच्या बापाला घाबरायचं नाही." लोणचं नासलं नाही. मी मात्र बदलले. केस कापले, सायकल शिकले, पुढं नोकरी धरली, मारणारा नवरा सोडला. प्रत्येक वेळी मला वाटायचं की काकू माझ्या पाठीशी उभ्या आहेत.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एका दिवसात काही झालं नाही. काका रिटायर झाले. नोएडात प्लॉट होता, त्यावर कोठी उठली. बाजार खुला झाला, घरात परदेशी फ्रीज आला, केबल आली, सकाळी टीव्हीवर बाबालोक प्रवचनं करू लागले. संगमरवरी देव्हारा आला. आडनावापुढं गोत्र आलं. एका वर्षी काकूंनी करवा चौथ धरला. मराठी बाईनं करवा चौथ. आपल्यात ही चाल नाही म्हटलं तर म्हणाल्या, "अगं सगळ्या करतात इथं. मज्जा असते यार." गच्चीवर चाळणीतून चंद्र बघताना त्यांचे फोटो काढले. गळ्यात दोनपदरी मंगळसूत्र. ते खरं होतं.

मी एक्सपोर्टच्या कपड्यांच्या फॅक्टरीत क्वालिटीला होते. त्याच वर्षी परदेशातून मोठी ऑर्डर आली. घेरदार पायांच्या पँटी, रंगीबेरंगी डाग पाडलेले शर्ट, नव्या कोऱ्या जीन्सवर मुद्दाम ठिगळं. बायरचा माणूस म्हणाला की त्यांच्याकडं साठच्या दशकाची फॅशन परत आलीय. आमच्या कारागीर बायका डोक्यावर पदर घेऊन ती ठिगळं लावायच्या. घरी जाताना एकेकीला न्यायला नवरा नाही तर दीर गेटवर उभा असायचा. ठिगळ वाकडं गेलं तर मी तो पीस परत पाठवायचे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "एक जोडी माझ्यासाठी आण," म्हणाल्या.

तर त्या दिवशी मी खाली गेले. गळ्यात ते घालून.

खरं सांगायचं तर आमच्या घरात हळदीकुंकू नव्हतंच. बाबांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच देव्हारा गेला. मला त्या कुंकवाचं काहीच देणंघेणं नव्हतं. पण घर हवं होतं. आणि काकूंनी बोलावलं होतं. त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

सतरंजीवर बायका गोलात बसल्या होत्या. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. माझ्या शेजारी पुण्याच्या एक बाई होत्या, मिस्टर बँकेत. माझ्या गळ्याकडं बघितलं, समाधान झालं असावं.

"तुम्ही कुठल्या?"

"दिल्लीचीच."

"तसं नाही हो. मूळच्या? आडनाव काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरून काकू बोलल्या. हातात करंडा, चेहऱ्यावर हसू. "अहो, आमच्यातलीच आहे."

बाईंनी "अच्छा, अच्छा" म्हणत मान डोलावली आणि जरा जवळ सरकून बसल्या.

नवरा खोटा चालला होता मला. तेवढं मी गिळलं होतं. पण हे घशात अडकलं. एका वाक्यात काकूंनी माझे बाबा पुसून टाकले. त्यांचं गाव पुसलं, गावकुसाबाहेरचं आमचं घर पुसलं, ज्या विहिरीवर आईला लांब उभं करायचे ती विहीर पुसली. आणि हे त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून केलं. प्रेमानं केलं. त्याचंच जास्त लागलं. रागावून कुणी जात काढली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांच्यातली नाही."

बाबांचं आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत म्हणून सांगितलं. माझा घटस्फोट झालाय, फिरतीवर कुणी नाही, वर मी एकटी राहते, हेही सांगितलं. एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. मंगळसूत्र काढलं आणि काकूंच्या तबकात तिळगुळाशेजारी ठेवलं.

पंजाबी बायकांनी हळूच विचारलं, "क्या हुआ?" पुण्याच्या बाईंनी पदर सावरला आणि त्यांच्यामाझ्यात वीतभर सतरंजी दिसायला लागली. काकूंनी करंडा उचलला आणि त्या कुंकू लावत गोलात निघाल्या. माझ्यापर्यंत आल्या. त्यांचा हात थांबला. बोटावर कुंकू होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते, त्या माझ्या डोळ्यांत बघत नव्हत्या. मग हात पुढच्या कपाळाकडं गेला.

जे मला नको होतं, तेच नाकारलं गेलं तर वाईट का वाटावं? पण वाटलं. फार वाटलं. माझं कपाळ भाजल्यासारखं झालं. ज्या हातानं मला बरणीपाशी नेलं, तोच हात माझ्यापासून पुढं सरकला. मी उठले, चपला घातल्या, जिना चढून वर गेले आणि पोटभर रडले. बाबा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. डोळे सुजलेले. त्याही रडल्या होत्या, ते मी नाकारणार नाही.

"सगळ्यांसमोर बोलायची गरज होती?"

"तुम्हीच शिकवलंत."

खुर्चीवर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "आम्ही तेव्हा खूप केलं गं. पण किती दिवस लढायचं माणसानं? मीनूचं बघतोय आता. लोक चौकशी करतात. खाली कोण, वर कोण. स्थळ चांगलं आहे, पत्रिका जुळतेय."

मीनू त्यांची धाकटी. मी विचारलं, "मीनूला पत्रिका चालतेय?"

"तिचं काय, लहान आहे ती." मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडं बघ. बेटा, राग नको मानू. तू मला मुलीसारखी आहेस."

मला त्यांचा राग आला नाही. कीव आली आणि त्या किवेचंच दुःख झालं. त्या गेल्यावर मी बसून विचार केला. त्यांचं बंड खोटं नव्हतं. पण ते त्यांना पेललं, कारण मागं काकांची खुर्ची होती, बापाचं घर होतं, आडनाव होतं. दमल्या, तेव्हा परत जायला जागा होती. त्या परत गेल्या. देव्हाऱ्यापाशी, पत्रिकेपाशी, सासूनं सांगितलेल्या सगळ्यापाशी. मी दमले तर कुठं परत जायचं? आमच्या मागं आहे ती विहीर. परतीची वाट त्यांची होती, आमची नव्हती. म्हणून त्यांना दमता येतं. आम्हाला नाही.

एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. बाबांच्या माघारी ती भावाकडं अकोल्याला असते. सगळं सांगितलं.

मग आई म्हणाली, "तुझे बाबा दिल्लीला आले तेव्हा खोली मिळत नव्हती. हापिसातला एक जण म्हणाला, आडनाव बदलून सांग, लगेच मिळते. त्यांनी नाही सांगितलं. क्वार्टर मिळेपर्यंत हापिसाच्या मागच्या शेडमध्ये झोपले. थंडीत."

"मला कधी बोलले नाहीत."

"काय बोलायचं त्यात? तू जेवलीस का?"

मी फोन ठेवला. आयुष्यभर मला वाटत होतं की बंड रस्त्यापलीकडच्या लॉनवरून माझ्याकडं आलं. ते माझ्याच घरात होतं. त्याला कुणी नाव दिलं नाही, त्याची गोष्ट कुणी व्हरांड्यात बसून सांगितली नाही. बाबा थंडीत झोपले आणि सकाळी उठून कामाला गेले. त्यांच्याकडं कधी त्या नजरेनं बघितलं नाही, आणि आता बघायला ते नाहीत.

सध्या मी गाझियाबादमध्ये घर शोधते आहे. सुट्टीच्या दिवशी डीलर फिरवतो. काल एक फ्लॅट दाखवतानाच त्यानं घरमालकाला हाक मारली, त्याच्या बायकोलाही बोलावलं. दोघं भली वाटली. चहा झाला. डीलरनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मैडम, बोल देना हस्बैंड दुबई में हैं. सब बोलते हैं." घरमालकानं विचारलं, "फैमिली?"

मी म्हणाले, "अकेली हूँ. तलाकशुदा हूँ." आणि आडनाव सांगितलं, न विचारता.

त्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं कप उचलले. "सोचके बताते हैं," तो म्हणाला. बताएगा नाही, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. जिन्यात डीलर चिडला. "ऐसे तो नहीं मिलेगा, मैडम."

"नहीं मिलेगा तो नहीं मिलेगा," मी म्हणाले. "अगला दिखाओ."

पुढच्या दारातही मी हेच सांगणार. त्याच्या पुढच्याही. थंडी आहे, महिना संपत आलाय, पाय दुखतात, भीतीही वाटते. वाटू दे. ज्याला मला ठेवायचं आहे, त्यानं माझ्या बाबांच्या नावासकट ठेवावं. तोवर मी दारं वाजवत राहणार आहे, आणि आत जाण्यासाठी कुणाच्यातलीही होणार नाही.