दहापैकी एक ओळ

रंगारी भिंती रंगवत नसत, हे आधीच सांगितलेलं बरं. ते केमिकल इंजिनिअर होते. कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. खिडकीतून खाली टाक्यांची झाकणं दिसत आणि टेबलावरच्या पडद्यावर त्याच टाक्यांच्या पोटात काय चाललंय ते दिसे. म्हणजे खरोखर काय चाललंय ते नव्हे. काय चालायला हवं ते. याला सिम्युलेशन म्हणतात. रिॲक्टरमध्ये, म्हणजे ज्या मोठ्या बंद भांड्यात माल शिजतो त्यात, अमुक इतका माल घातला तर आतलं तापमान कसकसं चढेल हे संगणक आधीच सांगून मोकळा होतो. पत्रिका बघणाऱ्या ज्योतिष्यापेक्षा तो बरा, निदान चूक निघाली की ग्रहांवर ढकलत नाही.

हे आकडे सिम्युलेशनमधून स्प्रेडशीटमध्ये उतरवायचे आणि त्यांचा आलेख काढून खाली कंट्रोल रूमला द्यायचा, हे रंगाऱ्यांचं काम. बाकीचे इंजिनिअर ते हातातला चहा संपायच्या आत उरकत. रंगारी त्याला अख्खी सकाळ लावत. फोटो काढायला निघालेल्या पोराला आई जसं नटवते, तसे ते आलेखाला नटवत. रेषेचा निळा कोणता घ्यावा यावर त्यांनी एकदा जेवणाची सुट्टी घालवली होती. ‘रंगारी’ हे नाव तेव्हापासूनचं. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं ते दाखवत नसत.

या नटवण्यात त्यांची एक खास रीत होती. सिम्युलेशन दर मिनिटाचं तापमान देई. इतके ठिपके एका रेषेवर बसले की रेषा सुरवंटासारखी केसाळ दिसते, आणि ते रंगाऱ्यांना बघवत नसे. म्हणून दहा ओळींमधली एक ते ठेवत आणि नऊ झाडून टाकत. याला ते ‘विरळणी’ म्हणत. वाफ्यातली दाट रोपं उपटून काढल्याशिवाय उरलेली धरत नाहीत, असं समजावून सांगत. स्वतः त्यांनी आयुष्यात एक रोप लावलं नव्हतं. मग उरलेल्या ठिपक्यांवरून गुळगुळीत रेषा ओढली की काम झालं. ती रेषा अशी अलगद चढायची की बघणाऱ्याला वाटावं, रसायनांनाही घरून चांगलं वळण लागलं आहे.

घरीही तोच कारभार. दोरीवरचे टॉवेल फिक्याकडून गडदकडे. भिंतीवरचं घड्याळ केसभर तिरकं झालं तर जेवण घशाखाली उतरायचं नाही. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती म्हणायची, "अहो, दिवसभर मी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते आणि घरी येऊन बघते तर तुम्ही बारीक सगळं खोडून बसलेले. एकदा या दुकानात, तुमचाही नंबर काढते."

आता तिच्या धाकट्या भावाकडे वळू. तो त्याच कारखान्यात रिॲक्टर चालवायचा आणि दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा. त्याला सगळे ‘नगारा’ म्हणत. कारण उघड होतं. त्याच्या तोंडून कुठलीही गोष्ट आपल्या मापाची बाहेर पडत नसे. पायाला मुंगी चावली तर वारूळ अंगावर आलेलं असायचं. बसला उशीर झाला तर "शंभर माणसं थांबली होती, ताई, शंभर!" लहानपणीच ताईने यावर तोडगा काढला होता: नगाऱ्याने सांगितलेल्या आकड्याला दहाने भागायचं. हा नियम पुढे माहेराहून तिच्याबरोबर सासरी आला, आणि तिथून कारखान्यात कसा पोचला ते रंगाऱ्यांनाच ठाऊक. जेवायला येताना तो "दहा माणसांची भूक लागलीय" असं दारातूनच ओरडायचा आणि ताई एका माणसाचं ताट घ्यायची. तोही हसून जेवायचा.

म्हणजे एक राईचा पर्वत करणारा आणि दुसरे पर्वत घासूनपुसून राई करणारे. दोघांचं एकमेकांवाचून पानही हलायचं नाही, आणि एकमेकांवर कवडीचाही विश्वास नव्हता.

त्या वर्षी कारखान्याने रंगरोगणात घालायचा एक नवा माल काढला. तो पाण्यासारखा नितळ हवा होता. त्याची कृती रंगाऱ्यांनी सिम्युलेशनवर बसवली, आलेख काढला, तो कंट्रोल रूमच्या भिंतीवर लागला. खाली रंगाऱ्यांनीच सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘पहिला तास पूर्ण होईपर्यंत भांड्याभोवती थंड पाणी सोडू नये.’ माल शिजवायचं काम नगाऱ्याच्या पाळीला आलं. पहिली बॅच निघाली ती चहाच्या रंगाची. दुसरी निघाली तीही चहाच, फक्त जरा कडक.

भांडं नीट धुतलं नाही की माल असा पिवळा पडतो. त्यामुळे संशय सरळ नगाऱ्यावर गेला. भांडं धुणं हे कंटाळ्याचं काम, आणि नगाऱ्याला गप्पा मारायला आवडतात हे पहारेकऱ्यापासून सगळ्यांना माहीत. तो शपथेवर सांगत होता, "भांडं लख्ख होतं. पण मधेच तापमानाचा काटा उडतो! दहा अंश उडतो आणि परत खाली बसतो!" पण काट्यावरचा आकडा दर अर्ध्या तासाने लिहून ठेवायची पद्धत होती आणि लिहिलेल्या आकड्यांत असली उडी कुठेच नव्हती. शिवाय बोलणारा नगारा. लोकांनी मनातल्या मनात दहाने भागलं आणि एक अंश उरला. एका अंशाने काय होतं?

सोमवारी मोठ्या मॅडमच्या खोलीत बैठक ठरली. कारखान्याच्या मुख्य त्याच. दोष सिद्ध झाला तर नगाऱ्याला कंट्रोल रूममधून काढून पिंपं भरायच्या शेडमध्ये पाठवणार होते. तिथे ना काटा, ना बटणं, ना ऐकायला कोणी. आणि आलेख घेऊन हजर राहायचं रंगाऱ्यांनी.

रविवारी नगारा जेवायला आला तो दारातून ओरडला नाही. ताईने ताट वाढलं. त्याने अर्धं जेवून हात धुतले.

"दाजी," तो म्हणाला, "पहिल्या बॅचला मी तुम्हाला फोन केला होता. आठवतं?"

"आठवतं की."

"मी म्हटलं, काटा दहा अंश उडाला. पाणी सोडू का? तुम्ही काय म्हणालात?"

रंगारी मिठाची बरणी फूटपट्टी लावून बसवल्यासारखी सरळ करत होते. "म्हटलं असेन, एक अंश म्हणजे काहीच नाही."

"मी एक म्हटलंच नव्हतं."

 ताई म्हणाली, "खरं सांग हं. भांडं धुतलं होतंस ना?"

"ताई, तूसुद्धा?" एवढंच बोलून तो चपला घालून निघून गेला. बायको बराच वेळ त्याच्या अर्ध्या ताटाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो," ती म्हणाली, "उद्या तुमचा तो ग्राफ माझ्या भावाला शेडमध्ये घालणार."

"ग्राफ कोणाला कुठे घालत नाही," रंगारी म्हणाले. "जे असतं ते दाखवतो."

उंटावरचे शहाणे जमिनीवर उतरतात ते कोणी समजावून नव्हे, पडून. रंगाऱ्यांचीही तीच वेळ आली होती.

सोमवारी सकाळी मॅडमचा निरोप आला: आलेखातला फक्त पहिला तास अख्ख्या कागदावर मोठा करून आणा. रंगाऱ्यांनी केला, तर विरळणीतून वाचलेले जेमतेम सात ठिपके एवढ्या मोठ्या कागदावर टकलावरच्या केसांसारखे उभे. असला भुंडा आलेख घेऊन मॅडमसमोर जायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने शर्ट न घालता जाण्यासारखं होतं. म्हणून त्यांनी सिम्युलेशन उघडलं, आकडे नव्याने स्प्रेडशीटमध्ये उतरवले आणि नोकरीत पहिल्यांदाच एकही ओळ न झाडता आलेख काढला. भरगच्च दिसावा, एवढाच हेतू.

रेषेला मधेच टेंगूळ आलं.

रंगाऱ्यांनी आधी पडदा पुसला. मग चष्मा पुसला. टेंगूळ जागचं हललं नाही. मग त्यांनी ओळी वाचायला घेतल्या. चाळिसाव्या मिनिटाला बहात्तर अंश. तिथून आकडे भराभर चढले, ब्याऐंशीला टेकले आणि पन्नासावं मिनिट यायच्या आत गुपचूप खाली उतरले. जे काही घडायचं ते सगळं त्या नऊ ओळींमध्ये घडत होतं. दर अर्ध्या तासाला लिहिणाऱ्यालाही ते सापडलं नसतं. ते फक्त काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला दिसलं असतं. दिसलंच होतं.

त्यांनी ब्याऐंशीतून बहात्तर वजा केले. दहा आले. दुसऱ्यांदा केले, तरी दहाच आले. भागायला काही जागाच नव्हती.

रंगाऱ्यांची कानशिलं गरम झाली. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांच्या मनात आलं हे लपवण्यात अर्थ नाही. विरळणी करायची म्हणजे एक कळ दाबायची. त्यांनी दाबलीही. टेंगूळ नाहीसं झालं, रेषा पुन्हा सुरेख चढली, आणि त्या सुरेख रेषेकडे बघताना त्यांना ते अर्धं ताट दिसायला लागलं. त्यांनी नऊच्या नऊ ओळी परत आणल्या. छापताना रंगसुद्धा बदलला नाही. जो आपोआप आला तो येऊ दिला. तो भडक नारिंगी होता.

मॅडमच्या खोलीत सहा-सात माणसं होती. नगारा दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसला होता. मॅडमनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"तुमचा ग्राफ वाटत नाही हा," त्या म्हणाल्या. "आणि हे टेंगूळ कसलं?"

"ते खरं आहे, मॅडम," रंगारी म्हणाले. "आधीपासून होतं. मीच काढून टाकलं होतं."

"का?"

कृतीचं कारण, संगणकाचं कारण, अशी तीन-चार कारणं त्यांनी जिन्यावरून येताना जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "चांगलं दिसत नव्हतं," ते म्हणाले.

खोलीत कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. मॅडम हसल्या नाहीत. रंगाऱ्यांनी पुढचंही सांगून टाकलं: पाणी सोडू नये हे वाक्य आपण लिहिलं, त्या दहा अंशांनीच माल करपून पिवळा पडला, चाळिसाव्या मिनिटालाच पाणी सोडायला हवं होतं, आणि याने फोन करून विचारलं तेव्हा आपण नाही म्हटलं. "भांडं स्वच्छच होतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा दाराकडे वळले. "दहाच अंश होते रे. बरोबर दहा. माझं चुकलं."

नगाऱ्याला बोलायची इतकी मोठी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तो नुसता मान हलवत राहिला.

तिसरी बॅच चाळिसाव्या मिनिटाला पाणी सोडून काढली. बाटलीत भरली तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकी नितळ निघाली. मॅडमनी हुकूम काढला की आलेखातली एकही ओळ झाडायची नाही. रंगाऱ्यांना बढतीच्या यादीतून त्या वर्षी झाडलं, ते वेगळं. ऑफिसात त्यांना आता ‘टेंगूळ’ म्हणू लागले, आणि हे नाव त्यांना खरोखरच आवडायचं नाही.

पुढच्या रविवारी नगारा आला. जिन्यातूनच त्याचा आवाज चढत वर आला. "ताई! शंभर माणसं होती खोलीत! शंभर! आणि दाजी उभे राहून काय बोलले म्हणून सांगू!"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनाही सहा-सात माहीत होते. रंगारी म्हणाले, "शंभर होती. निदान मला तरी तेवढी वाटली."

"भूक किती लागलीय?" ताईने विचारलं.

"दहा माणसांची!"

ती आत गेली आणि जे बाहेर घेऊन आली ते बघून नगाऱ्याची बोलती बंद झाली. पातेल्यामागून पातेलं. तिने सकाळपासून रांधलं होतं, शेजाऱ्यांकडून मोठी भांडी आणली होती. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा रंगाऱ्यांनी खुर्च्यांवर मांडलं, आणि लहानमोठं असा क्रमसुद्धा लावला नाही.

"बस," ती म्हणाली. डोळे पुसत होती आणि हसत होती. "तू दहा म्हणालास ना? मग दहाच. या घरात आता कोणी भागणार नाही."

नगारा बसला. पहिलं ताट त्याने बोलत बोलत संपवलं. दुसरं गप्प बसून. तिसऱ्याला रंगाऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं, काठोकाठ, आग्रह करकरून. चौथ्याचा दुसरा घास तोंडाशी नेता नेता तो थांबला, त्याने समोरच्या पातेल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि दोन्ही हात जोडले.

"ताई," तो म्हणाला, "भाग आता."