वच्छलामावशीच्या घरावरची बोली

वच्छलामावशी भाव एकदाच सांगायची. वाशीमजवळच्या मालेगावच्या आठवडी बाजारात तिच्यापुढं मेथी, पालक, वांगी मांडलेली असायची. कुणी "दोन रुपये कमी करा ना" म्हटलं, की गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेली जुडी ती हात घालून परत काढायची. "भाव बोलून झाला माहा. आता तू जाय." आई तिला म्हणायची, जरा नरम बोलत जा, माणसं तुटतात. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "जिभेले हाड नसते बाई. ते आपलं आपन बसोवा लागते."

माळीपुऱ्यात तिची अन् आमची भिंत एकच. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा आईनं पेढे वाटले. मावशीनं पेढा हातातच धरून मला विचारलं, "म्हंजे आता तुले सारं वाचता येते न, गरजुएट? मंग माह्या घरी ये. कागद आला हाय." ती मला कायम गरजुएटच म्हणायची. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

कागद एका फायनान्स कंपनीचा होता. मावशीच्या मुलानं मालवाहू ऑटो घेण्यासाठी घर गहाण टाकलं होतं. घर मावशीच्या नावावर, म्हणून सही तिची. मुलानं वर्षभरात ऑटो विकला, बायकोला घेऊन पुण्याला गेला आणि फोन बंद केला. मावशीनं भाजी विकून काही हप्ते भरले, मग तेही थांबले. मी कागद वाचून दाखवला. घर लिलावात निघणार होतं.

ती रडली नाही. म्हणाली, "सही माही, त कर्ज माहं. म्या नाही म्हनतच नाही. पन घर कायले? हे घर माह्या नवऱ्यानं आपल्या हातानं उचललं. त्यानं कुठी सही केली?"

मी तिला घेऊन वाशीमला वकिलाकडे गेले. त्यानं सांगितलं की दाद नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात मागावी लागेल, आणि लिलाव थांबवायचा तर आधी मोठी रक्कम भरावी लागेल. परतीच्या एसटीत, मालेगाव जवळ आल्यावर, मावशी म्हणाली, "मले एक सांग. लिलावात बोली बोलते न मानूस? कोनी बोललंच नाही, त घर कोनाले देतीन?"

दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीची भाकर केली, ताटात मीठ ठेवलं आणि माळीपुऱ्यातल्या घराघरात फिरली. प्रत्येक कर्त्या माणसाला भाकरीवर हात ठेवायला लावून ती म्हणायला सांगायची, "वच्छलाच्या घरावर मी बोली बोलनार नाही." लोक तसं म्हणाले. माझ्या बाबांनीही हात ठेवला. वर म्हणाले, "हे काय सांगा लागते का, वच्छला? शेजारी हाओ आमी."

कारंज्याहून एक माणूस घर पाहायला आला. मावशीनं त्याला चहा पाजला, कौलं दाखवली, मागची मोरी दाखवली. "घर लय बेस हाय, भाऊ," ती म्हणाली, "फक्त त्याच्यात मी हाओ." तो अर्धा चहा टाकून गेला.

लिलावाच्या दिवशी कुणीच पुढं आलं नाही. मावशीनं गल्लीभर गूळ-फुटाणे वाटले.

महिन्या-दीड महिन्यानं तिच्या दारावर नवा कागद चिकटला. मी वाचला. फेरलिलाव होता, आणि घराची किमान किंमत बरीच खाली आणली होती. मावशी पोट धरून हसली. "पाह्य! भाव पाडून राह्यले. ज्यानं भाव पाडला तो हारला, गरजुएट. बाजारात मी उगीच बसतो का इतके वर्स?"

मला मात्र हिशेब कळत होता. जी किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती, ती आता आवाक्यात आली होती. दादाचं लग्न ठरलं होतं आणि आमच्या घरात खोल्या दोनच. बाबा जेवताना म्हणाले, "बाहेरचा कोनी घेईन, त्याच्यापेक्षा आपन घेतलं त बरं. तिले तिथंच राहू देऊ, किरायानं." आई म्हणाली, "अन् भाकरीवर हात ठेवला त्याचं काय?"

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून व, हे आता मोबाईलवर असते न? बोला लागते का त्याच्यात?"

"नाही," मी म्हणाले, "रक्कम टाकून बटण दाबायचं असतं."

फॉर्म मीच भरला. इंग्रजीत होता, घरात दुसऱ्या कुणाला जमला नसता. अनामत रक्कम मी भरली, बाबांचं आधार मी चढवलं. सकाळी अकरा वाजता बाबा शेजारी मांडी घालून बसले होते, ओठ घट्ट मिटून. आकडा मी टाकला. समोर दुसरं कुणीच नव्हतं.

ताबा द्यायला कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली. मावशी उंबऱ्यात आडवी बसली होती. दोन महिला पोलिसांनी तिला उचलून बाहेर ठेवलं. सामान निघालं तेव्हा ती रस्त्यावरून एकेकाचं नाव घेऊन विचारत होती, "कोन बोललं? रामभाऊ, तू बोलला? किसना, तू?" माणसं खाली बघत होती. शेवटी आमच्या दारात आली. बाबा म्हणाले, "मी तोंडातून शब्द काढला नाही, वच्छला. पोरीले इचार."

तिनं मला विचारलं, "नाही काढला?"

"नाही."

"मंग घेतलं कसं?"

मी मोबाईल दाखवला. "कुठी दाबलं?" मी जागा दाखवली. तिनं तिचं बोट त्या काचेवर टेकवलं, मेथी निवडून निवडून हिरवं झालेलं. थोडा वेळ तसंच धरलं.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बोट पदराला पुसून ती ऑटोत बसली आणि जऊळक्याला बहिणीकडे गेली. तिला किरायानं ठेवायचा विषय कुणी परत काढला नाही. त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि मधली भिंत आम्ही पाडली.

घर गेलं तरी तिचं कर्ज फिटलं नाही. भाव पडलेला होता ना. उरलेल्या रकमेच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर येतात, म्हणजे आमच्या दारी. मावशी आता जऊळक्याला मेथी विकते. मागच्या खेपेला वसुलीचा माणूस स्वतः आला. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. ही बाई राहते कुठं?"

मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "मेली."

त्यानं ते लिहून घेतलं.