मी टोकाला लावलेले रेझिस्टर

आठवलं की आजही डोकं फिरतं. अंधेरीच्या ऑफिसात नव्या सर्किट बोर्डाचं डिझाइन माझं होतं. त्यावरची मेमरी वेगवान, म्हणून तिच्याकडे जाणाऱ्या लाइनींच्या टोकाला मी रेझिस्टर लावले. ते नसले तर सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि मेमरी भलतंच वाचते.

साहेबांनी ते काढायला लावले. "मागच्या बोर्डावर कुठे होते? चालला ना तो?"

अहो, मागची मेमरी संथ होती! पण ऐकतंय कोण?

बोर्ड आमच्या एसीत झकास चालला. भांडुपच्या कारखान्यात बसवल्यावर पत्र्याखाली तापला, मेमरी भलतंच वाचू लागली आणि तो सारखा हँग व्हायला लागला.

मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलंस?"

मग मी ठणकावून सांगितलं.

"आवाज खाली," साहेब म्हणाले.