जांभळं फूल आणि ईस्टरची सुट्टी

माझे सासरे, अण्णा, नागपूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवायचे. पर्पल सॅक्सिफ्रेज या डोंगरी फुलाची आकृती त्यांनी फळ्यावर वर्षानुवर्षं काढली, पण फूल कधी पाहिलं नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांवर ते बर्फ वितळता वितळता फुलतं. म्हणून अण्णा इंग्लंडात मिल्टन कीन्सला आमच्याकडे आले ते एकच मागणी घेऊन. राजवाडा नको, म्युझियम नको, तेवढं फूल दाखवा.

मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जानेवारीतच ईस्टर वीकेंडला तिकडे राहायला बी अँड बी बुक केलं. स्वस्तात पडलं म्हणून स्वारी आठवडाभर खूश होती.

गुड फ्रायडेला पहाटे निघालो, तर अर्धं इंग्लंड एम सिक्स हायवेवर आमच्या पुढे. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा होता. वाटेत सर्व्हिसेसच्या थांब्यावरच्या सँडविचची किंमत बघता तुम्हीही घरूनच न्या. स्टर्लिंगनंतर रस्ता अरुंद होत जातो. किलिन गावात पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि समोरचा डोंगर नुसता तपकिरी.

"बर्फ कुठाय?" अण्णांनी गाडीतून उतरताच विचारलं.

"यंदा फार लवकर गेला," बी अँड बीची मालकीण मॉरीन म्हणाली. "फुलंही लवकर आली. मग पुन्हा थंडी पडली, रात्री सगळं गोठायचं."



सकाळी बेन लॉअर्स डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. एप्रिल आहे म्हणून हातमोजे, कानटोपी घरी ठेवू नका, वर वारा कान कापतो. अण्णांचे गुडघे कुरकुरत होते. मंदार म्हणाला, "अण्णा, परत फिरूया का? लेट्स नॉट रिस्क इट."

"फूल नसेल तर नसो. जागा तर पाहू दे."

बसत, उठत दुपारी एका ओल्या कातळापाशी पोहोचलो. खाचेत बारीक पानांचे गुच्छ होते आणि त्यांवर करपलेल्या, तपकिरी पाकळ्या. अण्णा हळूच गुडघ्यांवर बसले.

"हेच ते. बर्फ म्हणजे यांची गोधडी गं. ती लवकर निघाली की ऊन लागून कळ्या उमलतात आणि नंतरच्या गारठ्यात सापडतात. मी वर्गात सांगायचो, बर्फ वितळला की फूल. लवकर वितळला तर काय, हे कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही."

मला अगदी रडू आलं. एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि हाती काय, तर करपलेली पाकळी!

"आपण सुट्टी बघून आलो," मंदार पुटपुटला.

"फुलाला बँक हॉलिडे कोण सांगणार?" अण्णा हसले, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.

गेल्या मे महिन्यात ते नागपूरला परतले. तुम्हाला ते फूल बघायला जायचं असेल, तर माझा सल्ला एवढाच, की कॅलेंडर बाजूला ठेवा आणि आधी गावात फोन करून बर्फाची चौकशी करा. यंदा आम्ही काहीच बुक केलेलं नाही. मी दर आठवड्याला मॉरीनला फोन करते. तिकडे अण्णांनी व्हिसा काढून ठेवलाय आणि ते रोज सेमिनरी हिल्स चढतायत.

काल त्यांचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, इकडचं तिकडचं नाही, पहिलं वाक्य तेच.

"बर्फ आहे का गं?"

"आहे, अण्णा. पण कडेनं वितळायला लागलाय. निघा."