शेळके सरांची अमेरिका

शेळके सर दुसऱ्याच्या वाहनात बसत नसत. रस्त्यात एखादी मोटारसायकल थांबून कुणी "चला सर, सोडतो" म्हणालं की ते हात जोडायचे आणि तसेच पुढे चालू लागायचे. एसटी मात्र त्यांना चालायची, कारण तिकीट आपण काढायचं आणि उतरायचं तिथं आपण उतरायचं. "दुसऱ्याच्या गाडीत बसलं की कुठं उतरायचं ते त्यो ठरवतो," असं ते म्हणत. कॉलेजात आम्ही बाकीचे प्राध्यापक त्यांच्यामागे म्हणायचो, निघाली बघा अमेरिका पायी.

अमेरिका म्हणायचो, कारण सर तिचा इतिहास शिकवत. आमचं कॉलेज राहात्याच्या बाजूला, कालव्याच्या पट्ट्यात, चहूकडे ऊस. सर मात्र मिरजगावकडचे, कोरडवाहू. मी मराठी शिकवायचो आणि आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे, खोलीवर आले की सदरा खुंटीला आणि भाषा मिरजगावला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, येई. त्याची भाकरी चावता चावत नसे. सर म्हणायचे, "भाव न्हाई म्हनून ह्येंच्या आज्यापंज्यानं मका चुलीत जाळला. आन् आता त्येंचा मिलो आपल्या तव्यावर. खा गुमान." मी खायचो.

वर्गात एरवी ते संथपणे नोट्स सांगत, पण अमेरिकन शेतकऱ्यांचा धडा आला की वही मिटत. धान्य न्यायला एकच रेल्वे, भाडं तीच ठरवणार, साठवायचं कोठार तिच्याच माणसाचं. मग शेतकरी एक झाले, घोडागाड्यांतून गावोगाव सभा घेऊ लागले, बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. आमचं धान्य सरकारी कोठारात ठेवा, भाव आला की विकू, असं त्यांचं मागणं होतं. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, काही राज्यांत निवडूनही आले. पुढं एका मोठ्या पक्षानं त्यांची, कर्ज फेडायला पैसा सुटावा म्हणून केलेली चांदीच्या नाण्यांची मागणी तेवढी उचलली, आणि यांनी त्या पक्षाचाच उमेदवार आपला मानला. तो पडला, आणि यांचा पक्षही विरून गेला. इथं सर खडू ठेवायचे आणि गाडीचं ते वाक्य म्हणायचे. मुलं आधीच हसायला लागलेली असत.

बबन हा त्या मुलांतलाच एक. बी. ए. झाला आणि शेतीत परतला. साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्यानं आसपासच्या चार गावांचं वेगळं पॅनेल उभं केलं, आणि सभेला बोलवायचं तर शेळके सरांना, असं ठरवूनच टाकलं. सर सुट्टीच्या दिवशी पायी जायचे, अमेरिका सांगायचे, पायी परत यायचे. एका सभेला मीही गेलो होतो. ज्यांनी नगरच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं ती माणसं त्या रेल्वेला मनापासून शिव्या देत होती. सर इतके खुशीत मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

मग तोडणी सुरू झाली, आणि ऊसतोडीच्या टोळ्या या चार गावांकडे फिरकेनात. कुणाचा ऊस आधी तोडायचा ते कारखाना ठरवणार. कालव्याला पाणी नव्हतं. उभ्या उसाला तुरे आले, पाचट वाळलं, वजन रोज उतरत होतं. तेव्हा चेअरमनचा निरोप आला, आमच्यात या. दोन जागा देतो, टोळ्या लगेच पाठवतो. मात्र सगळ्यांनी व्यासपीठावर यायचं, आणि मास्तरही तिथं दिसला पाहिजे.

बबन आमच्या खोलीवर आला. सरांनी त्याला धडा पुन्हा पहिल्यापासून सांगितला. त्यानं तो वर्गात ऐकायचा तसा शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"सर, त्येंचा गहू हुता," तो म्हणाला. "गहू कोठारात थांबतो. आपला ऊस न्हाई थांबत."

मी चहा ठेवला. तो उतू गेला तरी कुणी हललं नाही.

सभेच्या दिवशी कारखान्याची जीप दारात आली. पुढं ड्रायव्हरशेजारी बबन. तो खाली उतरला, मागचं दार उघडून मान खाली घालून उभा राहिला. सरांनी चपला घातल्या. वाटलं, हात जोडतील आणि चालू लागतील. त्यांनी मला एवढंच म्हटलं, "तुमी येताय का बरोबर? एकट्याला जमायचं न्हाई." आणि ते जीपमध्ये चढले. मीही चढलो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

व्यासपीठावर चेअरमननी सरांच्या गळ्यात हार घातला, सरांनी त्यांच्या. फोटो निघाला. भाषणाचा आग्रह झाला तेव्हा सर घसा बसलाय म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी टोळ्या आल्या, आणि चारही गावांचा ऊस गेला. बबनचं पॅनेल पुन्हा कधी उभं राहिलं नाही. त्यात कुणाचं चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढं सरांनी तो धडा नोट्समधूनच सांगितला, वही न मिटता. दोन वर्षांनी ते बदली घेऊन मिरजगावकडे गेले, आणि तिकडेच वारले. कळलं तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. तास घेतला.

त्यांची आठवण निघाली की मला ती परतीची जीप दिसते. बबन सभेच्या ठिकाणीच राहिला होता. मागं आम्ही दोघं, सरांच्या गळ्यात तो हार तसाच. गाव जवळ आलं तसं ड्रायव्हरनं मान न वळवता विचारलं, "सर, कुठं उतरनार?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"तुला सोयीचं आसंल तिथं," ते म्हणाले.